काचेमागची पट्टी

“काय रे देवमन, इंजिन सजवून राह्यला का नवरी?”

उकंडमामा खाली रुळाशी उभे राहून वर बघत होते. खंडेनवमीची दुपार होती. मी थोरलीच्या केबिनमध्ये एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात चांदी रंगाचा डबा घेऊन उभा होतो, आणि माझ्या नाकाच्या शेंड्यालासुद्धा चांदी लागली होती.

“थोरली हाय मामा. नवरीपेक्षा काय कमी हाय?”

“चौसष्ट वर्साची नवरी,” ते म्हणाले, “अन् मी अठ्ठावन्न वर्साचा करवला. कर बाबा, कर. पन तोट्यांच्या मुठींले रंग नोको लावू, हाताले चिकटते.”

एवढं बोलून ते हसत निघून गेले. मुठींना मी रंग लावला नाही. बाकी जे जे दिसलं त्या सगळ्याला लावला.

धामणखेडच्या शेडमध्ये तेव्हा तीन इंजिनं होती: थोरली, मधली आणि धाकटी. कागदोपत्री त्यांना नंबर होते, पण ते फोरमनच्या वहीपुरते. तिघी मँचेस्टरच्या एकाच कारखान्यातून आलेल्या. थोरलीच्या अंगावर पितळेची पाटी होती आणि तिच्यावर सन १९२२. कुठल्याशा साहेबी थंडीत तिला ठोकून-जोडून तयार केली, बोटीत घालून मुंबईला उतरवली आणि आमच्या वऱ्हाडातल्या चाळीस मैलांच्या अरुंद रुळांवर आणून सोडली. त्यानंतर तिनं उभ्या जन्मात दुसरी वाट पाहिली नाही. धामणखेडहून जंक्शनला जायचं आणि परत यायचं. जाताना कापसाच्या गाठी, येताना मीठ, गूळ, टिनाचे पत्रे आणि लग्नाची वऱ्हाडं. बेचाळीस साली पोरांनी रूळ उखडले तेव्हा ती तीन दिवस रानात अडकून पडली होती, आणि वाघझिऱ्याच्या बायांनी तिला भाकरीचा नैवेद्य दाखवला होता म्हणे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजूनही ही गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक वेळी नैवेद्यात एक पदार्थ वाढलेला असतो.

उकंडराव मोहोड तिच्यावर आले ते विसाव्या वर्षी, राख काढायला. मग फायरमन झाले, मग ड्रायव्हर. अडतीस वर्षांत त्यांच्या नावापुढे लाल शाईचा एकही शेरा नव्हता. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं फायरमन होतो. नात्यागोत्याचा काही संबंध नाही, पण मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, मामी. माझं लग्न मामींनीच जुळवलं होतं. बायकोशी भांडण झालं की मी जेवायला त्यांच्याकडे जायचो, आणि मामी मला जेवू घालून परत घरी हाकलायच्या.

त्या साली, म्हणजे शहाऐंशीला, वरून पत्र आलं होतं. आमच्या लायनीवर डिझेल येणार, वाफेची इंजिनं मोडीत जाणार. पण तिघींपैकी एक, जिचा बॉयलर सगळ्यात चांगला असेल ती, रेल्वेच्या संग्रहालयात जाणार, आणि तिथं ती चालू ठेवणार. तपासनीस येऊन तिघींच्या पोटात शिरून बघून गेला. निकाल थोरलीच्या बाजूनं लागला. वयानं मोठी, पण अंगानं धडधाकट. मामांनी तिला कधी खारं पाणी पाजलं नव्हतं, कधी घाईनं तापवली नव्हती, कधी गरम असताना धुतली नव्हती. तीस नोव्हेंबरला ती जायची होती. जंक्शनपर्यंत स्वतःच्या वाफेवर, तिथून क्रेननं मोठ्या लायनीच्या वाघिणीवर. आणि तीस नोव्हेंबर हाच मामांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. फोरमननं तसं मुद्दाम जुळवून आणलं होतं.

“दोघंबी संगंच निघू,” मामा ज्याला-त्याला सांगायचे. “ती जाईन म्युझियममदी, मी जाईन वावरात.”

माझंही एक होतं. मी ड्रायव्हरची परीक्षा पास झालो होतो आणि दिवाळीपर्यंत ऑर्डर येणार होती. शहाण्या माणसानं अशा वेळी हातपाय आवरून राहावं. मी रंगाचा डबा उघडून बसलो.

आता त्या पट्टीबद्दल सांगायलाच हवं. इंजिनच्या बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते केबिनमध्ये एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. ते पाणी भट्टीच्या छताखाली गेलं, तर छत उघडं पडतं, तापून लाल होतं, आणि पुढे बॉयलर फुटतो. म्हणून फायरमनचं खरं काम कोळसा टाकणं नाही, पाणी सांभाळणं. पण काचेत एक खोड असते. नळी काठोकाठ भरलेली असो नाहीतर ठणठणीत रिकामी, नुसती बघितली तर दोन्ही सारख्याच दिसतात, निवळशंख. म्हणून नळीच्या मागे लोखंडाची वीतभर पट्टी बसवलेली असते, तिच्यावर तिरप्या काळ्या-पांढऱ्या रेघा. नळीत पाणी असलं की रेघा उलट्या बाजूला कललेल्या दिसतात. पाणी नसलं की आहेत तशा दिसतात. लहान लेकरालाही फरक कळेल इतकं ते सोपं आहे.

त्या पट्टीवरच्या रेघा जुन्या होऊन मळल्या होत्या. सगळी केबिन चकचकीत झाली आणि ती तेवढी मळकी दिसायला लागली. मी नळीमागे ब्रश घातला आणि दोन हात मारले. झालं, तीही चांदीची झाली.

दसऱ्याच्या सकाळी मामा आले ते नवा सदरा घालून. केबिनभर नजर फिरवून खूश झाले, थोरलीला हळद-कुंकू लावलं, चाकाशी नारळ फोडला. मग वर चढले आणि काचेपाशी थांबले.

“ही पट्टी कायले रंगवली?”

“मळली होती मामा.”

“अरे येड्या, कपाळाचं कुंकू मळलं म्हनून कपाळच रंगवतो काय? पुसून टाक आधी.”

“पुसतो मामा.”

पण तेवढ्यात गार्डनं शिटी वाजवली. दसऱ्याची गर्दी, डबे भरून वाहत होते, आठ चाळीसची वेळ उलटून गेली होती. मामांनी काच फुंकून बघितली. म्हणजे नळीखालची तोटी उघडून पाणी-वाफ बाहेर सोडायची आणि नळी पुन्हा किती चटकन भरते ते पाहायचं. भरली. पाणी बरोबर होतं.

“पुढच्या ठेसनावर पुसतो,” मी म्हणालो.

“याद ठेवून पुस.”

पुढच्या ठेसनावर लोकांनी थोरलीला झेंडूचे हार घातले. त्याच्या पुढच्या ठेसनावर माझ्या सासुरवाडीचे लोक भेटले. पट्टी राहिली ती राहिली.

मामांची एक पद्धत होती. दर मैलाच्या दगडाला ते पुढून नजर न हलवता विचारायचे, “पानी?” आणि मी काच बघून म्हणायचो, “बराबर.” सहा वर्षांत हा सवाल-जवाब हजारो वेळा झाला असेल. एखाद्या दिवशी त्यांना घसा बसलेला असला तरी ते नुसता हात वर करायचे आणि मी “बराबर” म्हणायचो. देवळात घंटा वाजवून आत जावं तसं ते झालं होतं. घंटा वाजवताना देवाची आठवण असतेच असं नाही.

वाघझिऱ्याच्या चढाला लागलो तेव्हा मी काच बघितली. काठोकाठ भरलेली. पाणी फार झालं तरी वाईट, ते वाफेबरोबर पुढे जाऊन यंत्र बिघडवतं. म्हणून मी बॉयलरला पाणी ढकलणारी तोटी बंद केली आणि कोळसा टाकत राहिलो. चढ मोठा होता, थोरली जोर लावत होती आणि पाणी पीत होती. दोन मैलांनी पुन्हा बघितलं. काच तशीच, काठोकाठ.

“पानी?”

“बराबर.”

“अजून भरूनच हाय?” मामांनी मान वळवली. “फुंकून पाह्यलं काय?”

फुंकायचं म्हणजे वाकून तोटी उघडायची आणि अंगावर गरम फवारा घ्यायचा. माझ्याही अंगात नवा सदरा होता.

“पाह्यलं मामा.”

मामांनी पुढं बघितलं. सहा वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळं खोटं ओळखायची त्यांना सवय नव्हती.

माथ्यावर पोहोचून थोरलीनं पुढच्या उताराला तोंड वळवलं आणि जे काही थोडं पाणी उरलं होतं ते पुढं सरकलं. भट्टीचं छत उघडं पडलं. छताला शिशाची एक डाट बसवलेली असते, अशाच वेळी वितळून वाफ भट्टीत सोडायला, म्हणजे आग विझते आणि बॉयलर फुटत नाही. ती वितळली. एक भयंकर आवाज झाला आणि भट्टीच्या दारातून पांढरी वाफ, राख, निखारे एकदम केबिनमध्ये घुसले. मामांनी मला कॉलर धरून पायरीकडे ढकललं आणि स्वतः आतच राहून ब्रेक ओढला. गाडी थांबली. मागच्या डब्यांतल्या कोणाला काही लागलं नाही. मामा खाली उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता आणि नव्या सदऱ्याची बाही हाताला चिकटली होती.

ते हाताकडे बघत नव्हते. थोरलीकडे बघत होते.

“डाट गेली,” ते म्हणाले. “देवमन, डाट गेली.”

ड्रायव्हरच्या हातून डाट वितळणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सुगरणीनं भरल्या पंगतीत मुलाला उपाशी मारावं, तसं काहीतरी.

लोक डब्यांतून उतरले, झाडांखाली बसले. एक म्हातारा आपट्याची पानं घेऊन आला आणि म्हणाला, “सोनं घ्या डायवरसाहेब.” मामांनी डाव्या हातानं पान घेतलं, खिशात ठेवलं आणि त्याच्या पाया पडले. मग गार्ड त्यांना हाताला काही लावायला आणि फोन करायला वाघझिऱ्याच्या ठेसनावर घेऊन गेला. मला सांगून गेला की इंजिनापाशीच थांब, कोणाला वर चढू देऊ नको.

मी वर चढलो. केबिन राखेनं भरली होती. आवाज संपला होता, फक्त कुठंतरी लोखंड गार होत टिकटिक करत होतं. आणि काच होती. तशीच, निवळशंख. मागं चांदी.

तेव्हा माझ्या लक्षात सगळं आलं. ही पट्टी साहेब बघेल. विचारील, हिच्यावर रंग कोणी मारला? दिवाळीची ऑर्डर गेली, नोकरी गेली. मी कंदिलातलं रॉकेल काढलं, मूठभर सुताच्या चिंध्या घेतल्या आणि नळीमागे बोटं घालून पट्टी पुसायला लागलो. सिग्नलच्या खांबाचा उरलेला पातळ रंग, एका दिवसाचा. रॉकेलनं सुटला. कोपऱ्यात राहिला तो नखानं खरवडला. अर्ध्या तासात काळ्या-पांढऱ्या रेघा अशा निघाल्या की बाहेरून बघणाऱ्यालाही दिसाव्यात. चिंध्या मी भट्टीतल्या राखेत पुरल्या.

ती पट्टी म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा होता, तसाच मामांच्या बाजूचा एकुलता एक पुरावा होता. हे मला त्या वेळी सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पुसताना मध्ये एकदा हात थांबला होता. मग पुन्हा चालू लागला.

मामा परत आले. हाताला फडकं बांधलेलं. मी त्यांना हात देऊन वर घेतलं. त्यांनी भट्टीत डोकावून बघितलं, छताचा फुगवटा बघितला, आणि भट्टीच्या दारावर डोकं टेकवून बराच वेळ उभे राहिले. संध्याकाळच्या आत मधलीनं येऊन आम्हाला ओढत धामणखेडला नेलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. वरून एक साहेब आले होते, तरुण, शिकलेले, वागायला सभ्य. शेडमध्येच टेबल टाकलं होतं, समोर थोरली उभी, गळ्यात कालचे झेंडूचे हार सुकलेले.

“मोहोड, पाणी इतकं खाली गेलं आणि तुम्हाला कळलं नाही?”

“काच भरल्यावानी दिसत होती साहेब. मांगची पट्टी दिसत नव्हती. तिच्यावर चांदी रंग होता. त्याच्यानं भरली का रिकामी ते समजलं नाही.”

रंग कोणी मारला ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. ते उठले, थोरलीवर चढले. आम्ही खाली उभे. साहेब आत वाकले, टॉर्च लावला, आणि बाहेर तोंड काढून म्हणाले, “मोहोड, वर या. कुठं आहे रंग?”

मामा वर गेले. किती वेळ गेला कोण जाणे. साहेबांनी मलाही वर बोलावलं.

“इंगळे, केबिन तुम्ही रंगवली?”

“हो साहेब.”

“या पट्टीवर रंग मारला होता?”

मामा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काच फुंकल्यावर ते जसे वाकून बघायचे, पाणी परत येतं का ते, तसे बघत होते.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “पट्टीवर रंग मारायचा नसतो, ते मला ठाऊक आहे.”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “सगळी केबिन रंगवून पट्टी तेवढी सोडलीत. याला म्हणतात कामाची जाण.”

मामांनी नजर माझ्यावरून काढून पट्टीकडे नेली. मग अगदी हळू म्हणाले, “मंग नसन साहेब. माह्याच नजरेचा दोष असन.”

साहेबांनी लिहून घेतलं. पाण्याकडे दुर्लक्ष, आणि वर खोटी जबानी. अडतीस वर्षांत पहिल्यांदा लाल शाई लागली, आणि एकदम दोन ओळी.

बाहेर नळावर मी हात धूत होतो. आदल्या दिवसापासून किती वेळा धुतले त्याला गणती नाही. मामा येऊन शेजारी उभे राहिले.

“काल तू मले हात देऊन वर घेतलं, तवा रॉकेलचा वास येत होता तुह्या हाताले.”

“कंदील भरत होतो मामा.”

“दिवसाढवळ्या?”

मी पाण्याच्या धारेखाली हात तसाच धरून ठेवला. ते निघून गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं सतरा वर्षांत नाही.

थोरलीचं छत जळलं होतं. दुरुस्त होऊ शकलं असतं, पण धाकटी धडधाकट उभी असताना त्या खटाटोपात कोण पडतो? संग्रहालयात धाकटीचं नाव लागलं. मामांना इंजिनावरून उतरवून शेवटचे दीड महिने शेडमध्ये हत्यारं मोजायला बसवलं. माझी ऑर्डर दिवाळीच्या आधी तीन दिवस आली.

तीस नोव्हेंबरला धाकटीला जंक्शनला घेऊन गेलो तो मी. मामांना निरोप-बिरोप काही झाला नाही. त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं. गावाबाहेरच्या फाटकाशी ते एकटे उभे होते, धोतर आणि बंडीत. गाडी फाटकातून हळू जाते. मी समोर आलो तसा त्यांनी आवाज दिला, “पानी?”

मी खाली वाकलो, तोटी उघडली, काच फुंकली. गरम फवारा अंगावर आला. नळी पुन्हा भरलेली बघितली, मग ओरडलो, “बराबर!”

त्यांनी मान हलवली आणि वावराच्या वाटेला लागले.

थोरली जानेवारीत मोडली. गॅसची ज्योत घेऊन दोन माणसं आली आणि चौथ्या दिवशी रुळांवर नुसता काळा डाग उरला. मोडण्याआधी फोरमननं मामांना बोलावून घेतलं होतं. भला माणूस तो. म्हणाला, उकंडराव, तिच्या अंगावरची एक वस्तू घेऊन जा, मी कागद रंगवतो. सगळ्यांना वाटलं पितळी पाटी मागतील. मामांनी पेचकस मागितला, वर चढले, आणि काचेमागची पट्टी काढून घरी घेऊन गेले.

ती त्यांनी पुढच्या खोलीत, दाराच्या समोरच्या भिंतीवर लावली. येणारे-जाणारे विचारायचे, ते सांगायचे, थोरलीची हाय. एवढंच.

मी दर दसऱ्याला सोनं द्यायला जायचो. एकही दसरा चुकवला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं होतं ते. न जाण्याची हिंमत नव्हती. मामा गळाभेट घ्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, मामी चहा करायच्या. दरवर्षी वाटेनं जाताना मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि दरवर्षी चहा पिऊन परत यायचो. तेही कधी घाई करायचे नाहीत. मी निघालो की दारापर्यंत यायचे, एखादा क्षण थांबायचे, जसं काही मी विसरलेलं काहीतरी आठवेल. मग म्हणायचे, “बरं, येजो.”

दोन हजार तीन साली ते गेले. मी खांदा दिला. त्या दसऱ्याला मामी एकट्याच होत्या. चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, “देवमन, हे सांगून गेले का ह्या पट्टीले कोनी मांगाले आला, तर त्याले देजो. मी म्हनलं, कोन येनार हाय लोखंडाचा तुकडा मांगाले? तर नाव नाही सांगितलं. कोन असन गा?”

माझ्या हातात कप होता.

“काय माहीत मामी,” मी म्हणालो.

यालाही आता बारा वर्षं झाली. मधल्या काळात लाइन बंद पडली, रुळांवर बाभळी उगवल्या, मी रिटायर होऊन घरी बसलो. एकदा नातवाला घेऊन ते संग्रहालय बघून आलो. धाकटी रंगवून उभी केली आहे, पोरं तिच्यावर चढतात. काचेच्या मागं पट्टी आहे, रेघा स्वच्छ आहेत. मी नातवाला म्हणालो, चल, ऊन लागतंय.

गेल्या दसऱ्याला मामींकडे गेलो. ऐंशी उलटलेल्या, डोळ्यांना कमी दिसतं, पण पावलांवरून माणूस ओळखतात. मी सोनं दिलं, पाया पडलो. त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

“मामी, ती पट्टी मले द्या.”

त्या उठल्या. मग भिंत चाचपत गेल्या, खिळ्यावरून पट्टी काढली, पदरानं पुसली.

“मले ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “एवढ्या वर्सात तू एकदाबी हिच्याकडे तोंड करून नाही बसला. खुर्ची फिरवून बसत होता. ते पाहत राहत. म्हनत, पाह्य, आजबी फिरवली.”

मी पट्टी हातात घेतली आणि उलटी केली. मागच्या बाजूला, जिथं माझी बोटं आणि रॉकेल पोहोचलं नव्हतं तिथं, चांदी तशीच होती. वरून ओघळून मागं गेलेली, दोन्ही भोकांभोवती जमलेली, अजून चकचकीत. पेचकसानं काढली त्याच दिवशी मामांना ती दिसली असणार. त्या जानेवारीत अपिलाची मुदत संपायला अजून पंधरा दिवस होते. पट्टी घेऊन साहेबांपुढे ठेवली असती तरी पुरे होतं. त्यांनी ती भिंतीला लावली, चांदीची बाजू आत करून.

“मामी,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी…”

“मले नोको सांगू, देवमन.” त्यांनी हात वर केला, मामा घसा बसल्यावर करायचे तसाच. “ज्याले सांगाचं होतं, त्यानं सतरा वर्स वाट पाह्यली.”

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.